बी.एड.ला जाण्याआधीचे तीन महिने

प्रश्न : आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. माझं बी.एस्सी. रसायनशास्त्र घेऊन झालं, त्याला सात वर्षं झाली. लग्नानंतर शिक्षण मागेच पडलं. यंदा बी.एड.ची सीईटी दिली, गुण बरे आहेत, प्रवेश मिळेल असं वाटतं. गणित आणि विज्ञान या मेथड, म्हणजे शिकवायचे विषय, घेणार आहे. कॉलेज सुरू व्हायला तीनेक महिने आहेत, तोवर काहीतरी वाचून जावं, वर्गात अगदीच कोरी बसू नये, असं मनात आहे. थोरल्या जाऊबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. त्या म्हणतात, "तिथे गेल्यावर सगळं शिकवतात, आत्तापासून डोकं शिणवू नकोस." दीर म्हणतात, मागच्या बॅचच्या नोट्स आणि तयार टाचणं, म्हणजे पाठांचे लेखी आराखडे, आणून देतो. दुकानात शैक्षणिक मानसशास्त्राचं जाडजूड पुस्तक चाळून पाहिलं, पण काही केल्या डोक्यात शिरेना. घरचं आवरून दुपारी तासभर मिळतो. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे आणि जाऊबाईंची मुलगी चौथीत आहे. नेमकं काय वाचू? यादी द्याल का?
— एक वाचक, ता. करमाळा, जि. सोलापूर

उत्तर : यादी देते. लहानच आहे, आणि तिच्यातलं पहिलं पुस्तक तुमच्या घरातच आहे : तुमच्या पुतणीचं चौथीचं गणित.

ते हातात घ्या आणि पहिल्या पानापासून वाचा. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला शिक्षकांसाठी मजकूर असतो, अध्ययन निष्पत्तींचा तक्ता असतो. बहुतेक जण ही पानं उलटून थेट पहिल्या धड्यावर जातात. तुम्ही उलटू नका. वर्षाच्या शेवटी मुलाला काय करता यायला हवं, ते तिथे साध्या वाक्यांत लिहिलेलं असतं. पुढे टाचणात 'उद्दिष्टे व स्पष्टीकरणे' असा रकाना भरायची वेळ येते तेव्हा वर्गातले अर्धे जण एकमेकांच्या वहीतून उतरवतात, कारण तो रकाना कशासाठी आहे हेच त्यांना उमगलेलं नसतं. ही पानं वाचून गेलात तर तुम्हाला तो स्वतःच्या शब्दांत भरता येईल.

मग एकच धागा निवडा आणि तो वरच्या इयत्तांपर्यंत धरून चला. अपूर्णांक घ्या. चौथीत अर्धा, पाव, पाऊण. पाचवीत सममूल्य अपूर्णांक. पुढे सातवी-आठवीत त्याच्याच परिमेय संख्या होतात. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, त्यामुळे विकत आणायची गरज नाही. नवीन अभ्यासक्रमाची पुस्तकं टप्प्याटप्प्याने येत आहेत, तेव्हा तुम्ही उघडलेली प्रत चालू वर्षाची आहे ना, एवढं पाहून घ्या. वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचारत राहा : हे इथेच का आणलं, आधी किंवा नंतर का नाही? उत्तर दर वेळी मिळणार नाही. पण पदवीपर्यंतचं गणित आपण सोडवण्यासाठी वाचलेलं असतं, आता ते शिकवण्यासाठी वाचायचं आहे, आणि हा बदल व्हायला वेळ लागतो. तीन महिने त्याच्यासाठी चांगले आहेत.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने संख्यावाचनात 'वीस एक', 'वीस दोन' अशी रीत आणली, आणि महिनाभर घराघरांत त्यावर बोलणं चाललं. मराठीचं काय होणार, हीच चर्चा जास्त झाली. मुळातली अडचण मात्र पाटीवरची आहे. 'सत्तावीस' ऐकताना मुलाच्या कानावर आधी सात पडतात, मग वीस. लिहायचे मात्र आधी दोन आणि मग सात. म्हणून ते बिनधास्त ७२ लिहितं. तुमच्या मुलाला दोन अंकी संख्या येऊ लागल्या असतील तर हे तुम्हाला घरीच दिसेल. नवी रीत बरी की जुनी, यावर तुमचं मत काहीही असो. पण ७२ लिहिणाऱ्या मुलाच्या मनात काय चाललं होतं ते ज्या शिक्षकाला माहीत आहे, तो त्याच्यावर ओरडणार नाही.

आता तुमच्या तासाभरातली वीस मिनिटं पुतणीला द्या. शिकवायला नव्हे, बघायला. वहीत ३०४ वजा १७८ असं उदाहरण घालून द्या आणि ती करत असताना मध्ये काही बोलू नका. उत्तर १२६ आलं तर ठीकच. पण वर्गातल्या अनेक मुलांचं उत्तर २७४ येतं. पाहा ते कसं येतं : एककाच्या घरात चारातून आठ जात नाहीत, म्हणून मूल आठातून चार काढतं आणि चार लिहितं. दशकात शून्यातून सात जात नाहीत, म्हणून साताखाली सातच लिहितं. शतकात तीनातून एक, दोन. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं. हे उत्तर चुकीचं आहे, पण आंधळं नाही. मुलाने एक नियम धरला आणि शेवटपर्यंत इमानाने पाळला. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हे आपणच त्याला पहिलीत सांगितलेलं असतं.

अशा वेळी "चुकलं, परत कर" म्हटलं तर ते परत तसंच करेल. "हातचा घ्यायला विसरलीस" म्हटलं तर हातच्याची खूण करेल, पण मधल्या शून्यापाशी पुन्हा अडेल, कारण शून्याकडून उसना घ्यायचा तर शून्याने आधी शेजारच्या शतकाकडून घ्यावा लागतो, आणि हे तिने कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. घरात शंभराच्या तीन नोटा आणि सुटे चार रुपये असतील तर ते तिच्यापुढे मांडा आणि यातून एकशे अठ्ठ्याहत्तर रुपये दे म्हणा. देता येणार नाहीत. तीच म्हणेल, एक नोट मोडून आणू का? तिला मोडू द्या. शंभराचे दहा-दहा रुपयांत दहा भाग होतात, त्यातल्या एका दहाचे पुन्हा सुटे होतात, आणि कागदावर जे खाडाखोड वाटत होतं ते तिच्या हातात घडतं. ती काय म्हणाली, कुठे थांबली, हे रात्री वहीत लिहून ठेवा, जमलं तर तिच्याच शब्दांत. ही वही बी.एड.च्या दोन्ही वर्षांत तुमच्या कामी येईल.

दुकानातल्या त्या जाड पुस्तकाकडे आता या. ते डोक्यात शिरलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. त्यातली नावं खऱ्या मुलांकडे बघून तयार झालेल्या विचारांची आहेत, आणि मुलं न बघता ती वाचली तर नुसती नावंच उरतात. मानसशास्त्रज्ञ झां पियाजे हे नाव तुम्हाला अगदी सुरुवातीलाच भेटेल. तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की एका वयाची मुलं साधारण एकाच प्रकारे चुकतात. बरोबर उत्तरं किती, हे मोजण्यासाठी त्यांना नेमलं होतं; त्यांचं मन गुंतलं ते चुकलेल्या उत्तरांत, आणि तिथून त्यांचं आयुष्यभराचं काम उभं राहिलं. तुमच्या मुलाबरोबर त्यांचा एक प्रयोग करून बघा. दोन सारखे पेले घ्या, दोन्हींत सारखंच पाणी भरा, आणि सारखं आहे हे त्याच्याकडून वदवून घ्या. मग एका पेल्यातलं पाणी त्याच्यासमोर उंच, अरुंद बाटलीत ओता. आता कशात जास्त? पाच वर्षांचं मूल बहुधा बाटलीकडे बोट दाखवेल. परत पेल्यात ओतून दाखवा, पुन्हा बाटलीत ओता. ते पुन्हा बाटलीच म्हणेल. त्याला समजावायला जाऊ नका. का जास्त, एवढंच विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. हे झाल्यावर त्या जाड पुस्तकातलं पियाजेंचं प्रकरण उघडा, ते सरळ वाचता येईल.

त्या पुस्तकातलं दुसरं नाव, मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की, यांच्याबाबतही असंच आहे. मूल आज एकट्याने काय करतं आणि कोणाची थोडी मदत मिळाली तर काय करतं, या दोहोंमधल्या जागेत शिक्षकाचं काम असतं, असं ते सांगतात. पुतणीने नोट मोडायची कल्पना स्वतः काढली आणि नोटा मात्र तुम्ही पुढे ठेवल्यात, ती हीच जागा. या दोघांपलीकडे आत्ता जाऊ नका. बाकीची नावं कॉलेजात येतील तेव्हा येतील.

विज्ञानात तुम्ही रसायनशास्त्राच्या पदवीधर आहात, म्हणून एक सावधगिरी सांगते. आपल्याला उत्तर इतकं पाठ असतं की मुलाचा प्रश्न ऐकूच येत नाही. दोरीवरचा ओला टॉवेल वाळला की पुतणीला विचारा, पाणी कुठे गेलं? बाष्पीभवन हा शब्द तिला माहीत असेल तर ती तो सांगून मोकळी होईल. मग विचारा, म्हणजे आत्ता ते कुठे आहे? उन्हाने खाल्लं, कापडात मुरलं, ढगात गेलं, अशी उत्तरं मुलं देतात. पाणी याच अंगणातल्या हवेत आहे, फक्त दिसत नाही, हे पटायला अवघड आहे. झाडाचं जेवण कुठून येतं, हेही विचारा. बहुतेक मुलं मातीतून म्हणतात, आणि दहावी झालेल्या कितीतरी मोठ्या माणसांचंही मनातलं उत्तर तेच असतं.

वाचायला बसून वाचायची पुस्तकं दोनच सांगते. पहिलं गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न'. मूळ गुजराती, मराठीत अनुवाद आहे, आणि दोन दुपारीत संपेल एवढं लहान आहे. एक शिक्षक सरकारी शाळेतला चौथीचा वर्ग मागून घेतो आणि आपल्या कल्पना तिथे करून बघतो. पहिल्या दिवशी तो घरून शांततेच्या खेळाची तयारी करून येतो आणि वर्गात नुसता गोंधळ होतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो. हा पहिला आणि दुसरा दिवस नीट वाचा. सराव पाठांच्या पहिल्या आठवड्यात ही पानं तुम्हाला आठवतील.

दुसरं अनुताई वाघ यांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून'. ताराबाई मोडक गिजुभाईंबरोबर भावनगरला काम करून आल्या, पुढे त्यांनी आणि अनुताईंनी बोर्डीला आणि मग कोसबाडला, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यात, आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात गेली, तिला कुरणशाळाच म्हणायचे. अंगणवाडी हा शब्द आज गावोगावी पाटीवर दिसतो. त्याच्यामागे किती पायपीट आहे ते या पुस्तकात कळतं. करमाळ्याच्या वाचनालयात दोन्ही पुस्तकं मिळायला हवीत. नसतील तर ग्रंथपालांना मागणी नोंदवायला सांगा, ते त्यांचं कामच आहे.

आता तयार टाचणं. दीर प्रेमाने आणून देताहेत, त्यांना नाही म्हणू नका. पण पहिल्या सहामाहीत तो गठ्ठा उघडू नका. याचं कारण सांगते. अध्यापक महाविद्यालयात असताना मी सराव पाठ बघायला शाळांत जायचे आणि शेवटच्या बाकावर बसायचे. तिथून पाठ वेगळाच दिसतो. एक विद्यार्थिनी होती, टाचण अगदी देखणं, तक्ते रंगीत, सज्जता प्रवर्तनापासून, म्हणजे पाठाच्या प्रस्तावनेपासून, स्वाध्यायापर्यंत सगळं जागच्या जागी. दर पाच मिनिटांनी ती विचारायची, "समजलं का?" आणि चाळीस मुलं एका सुरात म्हणायची, "होऽऽ." माझ्या शेजारच्या मुलाने त्या तासात वहीच्या मागच्या पानावर पूर्ण ट्रॅक्टर काढला, चाकांच्या नक्षीसकट. ती मुलगी कष्टाळू होती. पण टाचण मागच्या वर्षीच्या कोणाचं तरी होतं, आणि त्या टाचणात हा वर्ग कुठेच नव्हता. त्याच शाळेत त्याच आठवड्यात दुसऱ्या एकीने फळ्यावरचं चुकलेलं उदाहरण पुसायच्या आधी मुलाला विचारलं, "तू हे कसं केलंस, सांग बरं." तो बोलायला लागला आणि मागच्या बाकांवरच्या माना वर झाल्या. तिचा पाठ वेळेत संपला नाही, मूल्यमापनाची पायरी राहून गेली, तिचे गुणही त्यामुळे कमी झाले. मला मात्र त्या दिवशी एक शिक्षिका दिसली.

दोन वर्षांत मिळून वीस आठवडे तुम्ही प्रत्यक्ष शाळेत असणार आहात. पहिल्या वर्षी थोडे, दुसऱ्या वर्षी सलग मोठी इंटर्नशिप. उसन्या टाचणावर तेवढे आठवडे निघत नाहीत.

फळ्याची सवय मात्र आत्तापासून करा. पडवीतल्या भिंतीवर किंवा जुन्या फळीवर काळा रंग मारून घ्या आणि रोज चार ओळी लिहा : अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता येईल एवढं, ओळ सरळ, आणि लिहिताना अंग एका बाजूला. अपूर्णांकाची आडवी रेघ फळ्यावर नीट यायला वाटते त्यापेक्षा जास्त सराव लागतो. मोठ्याने वाचायचीही सवय ठेवा, एखादा उतारा पुरे.

आणि जाऊबाई. घरात शिक्षिका असणं ही तुमची सगळ्यात मोठी सोय आहे. त्यांच्या मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एखादा दिवस त्यांच्या वर्गात मागे बसू द्या म्हणावं. मधल्या सुट्टीनंतर वर्ग परत जागेवर कसा आणतात, एकाच वेळी दोन इयत्ता असतील तर एकीला काय काम देऊन दुसरीकडे वळतात, गैरहजर मुलाला दुसऱ्या दिवशी कसं सामावून घेतात, हे पुस्तकात तुटक सापडतं. त्यांच्याकडे ते रोजचं आहे, इतकं रोजचं की विचारल्याशिवाय त्या सांगणार नाहीत. "तिथे गेल्यावर सगळं शिकवतात" म्हणणाऱ्या जाऊबाईंना विचारून बघा, नोकरीच्या पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त कोणी शिकवलं. ऐकायला वेळ काढून बसा.

प्रश्न : बाई, मी यंदा बारावी कला शाखेतून पास झाले. मला पहिली-दुसरीच्या लहान मुलांना शिकवायचं आहे. घरचे म्हणतात, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) नको, आधी बी.ए. कर आणि मग बी.एड., म्हणजे कुठेही चालतं. शिवाय टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) पुस्तकं आत्ताच घेऊन अभ्यास सुरू करू का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तू लहान आहेस म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.

'कुठेही चालतं' हे आता खरं राहिलेलं नाही, ते आई-बाबांना नीट सांग. पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. पात्रता धरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं शास्त्र आहे आणि त्याचं वेगळं प्रशिक्षण हवं, हे त्यामागचं म्हणणं आहे, आणि माझ्या मते ते शंभर टक्के रास्त आहे. पहिलीच्या मुलाला वाचायला शिकवणं हे शाळेतलं सगळ्यात अवघड काम. तुला तेच करायचं असेल तर डी.एल.एड. हाच रस्ता, दोन वर्षांचा. बी.ए. पुढे बाहेरून करता येतं.

टीईटीचा पहिला पेपर दीडशे गुणांचा असतो : बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. खुल्या गटाला ६० टक्के लागतात, राखीव गटाला ५५. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, तेव्हा घाई नाही. आत्ता प्रश्नसंच पाठ करून काही साधणार नाही. बालविकासाचे प्रश्न बहुतेक वर्गातला प्रसंग देऊन विचारतात, आणि तू अजून वर्ग पाहिलेला नाहीस. प्रश्नसंच दुसऱ्या वर्षी घे.

या सुट्टीत गोष्टी मोठ्याने वाच. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचायला मिळतात. त्यातली एक गोष्ट निवड, घरात दोनदा मोठ्याने वाचून बघ आणि मग शेजारची चार मुलं जमवून त्यांना वाचून दाखव. पुस्तक त्यांच्याकडे वळवून धर, चित्र दिसू दे, पान उलटायच्या आधी "आता काय होईल?" विचार. कुठे ती पुढे सरकली आणि कुठे चुळबुळ करायला लागली, ते लक्षात ठेव आणि पुढच्या वेळी गोष्ट त्याप्रमाणे निवड. तुमच्याकडे मुलं घरी मालवणी बोलतात. गोष्टीतला एखादा शब्द अडला तर मालवणीत सांगायला अजिबात कचरू नकोस, मग पुन्हा पुस्तकातलं वाक्य वाच. डी.एल.एड.ला भाषेच्या तासाला याच गोष्टीवर चर्चा होईल, तेव्हा सांगायला तुझ्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.